परक्या धक्क्यावरची वीज

युरोपातील एखाद्या बंदरातून निघालेली शिडाची नौका अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागते, तेव्हा वारा, लाटा आणि ऋतुमान यांच्याशी तिच्या नाविकांचा पुरता परिचय झालेला असतो. त्यांना नवी अडचण भेटते ती धक्क्यावर उभ्या असलेल्या कमरेएवढ्या उंचीच्या एका खांबापाशी. त्या खांबावर विजेची सॉकेटे असतात, आणि नौकेबरोबर आलेला प्लग त्यांपैकी एकाही सॉकेटात बसत नाही. जवळच्या दुकानात एक ॲडॅप्टर विकत मिळतो. त्याच्या एका टोकाला अमेरिकी प्लग व दुसऱ्या टोकाला युरोपीय सॉकेट असते. तो लावला की दोन्ही बाजू जुळतात, आणि प्रश्न सुटला असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते तो तेथूनच सुरू होतो. आणि तो कसा सुरू होतो हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

विषय थोड्या हौशी लोकांचा आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. हौशी नौकांसाठी बांधलेल्या ज्या धक्क्यांना मरीना म्हणतात, ते आपल्या देशात अगदी थोडे आहेत, आणि स्वतःची यॉट घेऊन समुद्रपर्यटन करणारे लोकही मोजकेच. तरीही शाळांतून व ग्रंथालयांतून वाचल्या जाणाऱ्या पुस्तिकेत या विषयाला जागा असावी, कारण नौका हे एक लहानसे घर आहे. तिच्यात दिवे, पंखे, फ्रिज, पाण्याचा पंप, स्वयंपाकाची शेगडी, शौचकूप, सारे काही असते. हे घर एका देशाच्या प्रमाणांवर बांधलेले असून ते दुसऱ्या देशाच्या प्रमाणांना नेऊन जोडावयाचे असते. आपल्या घरी भिंतीआड दडलेल्या ज्या गोष्टींचा आपण कधी विचार करीत नाही, त्या येथे एकदम उघड्या पडतात. शिवाय आपल्याकडील वीज युरोपातल्याच जातीची, म्हणजे २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झची, असल्यामुळे युरोपीय नौकेची अडचण ती आपलीही अडचण होय.

अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झची असते. हा भेद निसर्गाने केलेला नाही; तो इतिहासाने केला आहे. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले, तेव्हा तेथून मिळणारा प्रवाह एकदिश असून त्याचा दाब ११० व्होल्टच्या आसपास होता. कर्बतंतूच्या दिव्यांना तो मानवत असे. पुढे प्रत्यावर्ती प्रवाह आला, परंतु घराघरांतील दिवे जुनेच राहिले, आणि दिव्यांच्या मागोमाग दाबही राहिला. वेस्टिंगहाउसच्या अभियंत्यांनी १८९० च्या सुमारास ६० हर्ट्‌झची वारंवारता निवडली. जर्मनीतील एईजी कंपनीने ५० निवडली. दोन्ही निवडी आपापल्या जागी समंजस होत्या. जपानने पूर्वेकडे जर्मन व पश्चिमेकडे अमेरिकी यंत्रे विकत घेतली. त्याचा परिणाम म्हणून त्या एकाच देशात आजही टोकियोला ५० आणि ओसाकाला ६० हर्ट्‌झची वीज आहे. खुद्द अमेरिकेतही दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोठ्या भागात ५० हर्ट्‌झची वीज होती. ती १९४८ मध्ये बदलण्यात आली, तेव्हा लोकांची भिंतीवरची विजेची घड्याळे दुरुस्त करून द्यावी लागली.

आता मरीनातील खांबाकडे वळू. युरोपात नौकेला किनाऱ्यावरून जी वीज मिळते ती साधारणपणे १६ अँपिअरच्या निळ्या, वाटोळ्या सॉकेटातून; मोठ्या नौकांसाठी ३२ अँपिअरचे सॉकेट असते. अमेरिकेत लहान नौकेसाठी ३० अँपिअर व १२० व्होल्टचे, पीळ देऊन घट्ट बसवावयाचे सॉकेट असते. गुणाकार केला तर मोठी मौज दिसते: १६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ३,६८० वॉट, आणि ३० गुणिले १२० म्हणजे ३,६००. दोन्ही खंडांनी एका लहान नौकेची गरज जवळजवळ सारखीच ठरवली आहे! परंतु तेवढीच शक्ती निम्म्या दाबाने पोचवायची तर प्रवाह दुप्पट लागतो, आणि तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच तारेत ती चौपट होते. म्हणून अमेरिकी धक्क्यावरची केबल मनगटात जड वाटते. उलट २३० व्होल्टसाठी केलेली २,००० वॉटची किटली १२० व्होल्टवर लावली, तर ती सुमारे ५४५ वॉटच देते. चहाला उशीर होतो, एवढेच. धोका असा काही नाही.

धोका आहे तो पुढच्या पायरीवर. त्याच खांबावर बहुधा ५० अँपिअरचे दुसरे सॉकेट असते आणि त्यात २४० व्होल्ट मिळतात. २४० आणि २३० यांत फरक तो केवढा? नाविक आनंदतो, त्या सॉकेटाचा ॲडॅप्टर आणतो, आणि नौकेवर सर्व काही चालू होते. दिवे लागतात, किटली पहिल्यासारखी उकळते. येथेच थोडे थांबून विचार केला पाहिजे.

युरोपात किंवा आपल्याकडे घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज व दुसरी न्यूट्रल असते. न्यूट्रल ही जमिनीशी जोडलेली असल्यामुळे तिचा दाब जमिनीच्या जवळपास राहतो. २३० व्होल्टचा सारा भार एकट्या फेजवर असतो. म्हणून फेजमधला स्विच बंद केला की पुढचे यंत्र निर्धोक होते, हे आपण गृहीत धरतो. अमेरिकी २४० व्होल्टची रचना निराळी आहे. तेथे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा मध्यबिंदू जमिनीला जोडतात आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून दोन तारा काढतात. प्रत्येक तारेचा जमिनीशी दाब १२० व्होल्ट, आणि त्या परस्परविरुद्ध दिशांनी झोके घेत असल्यामुळे दोघींमधला दाब २४० व्होल्ट. चार कड्यांच्या त्या सॉकेटात दोन सजीव तारा, एक न्यूट्रल व एक अर्थ असते. ॲडॅप्टर नौकेला त्यांतील दोन सजीव तारा आणि अर्थ देतो. न्यूट्रल तशीच मागे राहते.

परिणाम काय होतो तो पाहा. नौकेवर ज्या तारेला निळे आवरण आहे, जिला तिथले प्रत्येक माणूस न्यूट्रल समजते, ती आता जमिनीच्या मानाने १२० व्होल्टवर आहे. पुष्कळ जुन्या नौकांवर एकेका यंत्राचा स्विच वा सर्किट ब्रेकर फक्त फेजच्या तारेत बसवलेला असतो. तो बंद केला तरी निळी तार जिवंतच राहते. पंप बंद पडला म्हणून त्याचे झाकण उघडून बसलेला माणूस स्विच बंद असल्याची खात्री करतो, ओल्या पायांनी धातूच्या तळावर बसतो, आणि जिच्यावर तो आयुष्यभर विश्वास ठेवत आला त्या तारेला हात लावतो. ॲडॅप्टरने त्याला खोटे काही सांगितले नाही. पण सांगावयाचे होते तेही सांगितले नाही. दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारे दुपदरी ब्रेकर सगळीकडे असतील तर ही आपत्ती टळते. पण ॲडॅप्टर विकत घेणाऱ्यांपैकी किती जण आधी आपल्या नौकेचा विद्युत्‌नकाशा उघडून पाहत असतील?

याच सॉकेटात दुसरेही एक वैगुण्य आहे. खांबावरचा ब्रेकर ५० अँपिअरला तुटतो; नौकेची केबल १६ अँपिअरची आहे. नौकेवर काही बिघाड होऊन ४० अँपिअर वाहू लागले, तर खांबाच्या दृष्टीने सारे आलबेल असते, पण केबलमधील उष्णता सव्वासहा पट झालेली असते. ॲडॅप्टरमध्येच १६ अँपिअरचा ब्रेकर बसवलेला असावा, ही अट त्यामुळे अगदी प्राथमिक होय. घरच्या घरी दोन प्लग एका तारेला जोडून केलेल्या ॲडॅप्टरात ती पाळली जात नाही. आणखी एक गोष्ट ओझरती सांगतो: जेथे मरीनाला त्रिप्रावस्था वीज पुरवली जाते, तेथे त्याच सॉकेटात २४० ऐवजी २०८ व्होल्ट मिळतात. सॉकेटाचा आकार तोच राहतो.

व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो. वारंवारतेचा सुटत नाही. ट्रान्सफॉर्मर दाब वाढवील किंवा कमी करील, परंतु सेकंदाला साठ वेळा होणारी आंदोलने तो पन्नासवर आणू शकत नाही. ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, आणि यंत्र हाताळताना तोच ती विसरतो. प्रवर्तन मोटारीची गती वारंवारतेवर अवलंबून असते; ५० हर्ट्‌झवर मिनिटाला सुमारे ३,००० फेरे करणारी मोटार ६० हर्ट्‌झवर ३,६०० च्या आसपास जाते. गती वीस टक्क्यांनी वाढली असे म्हटले की फार वाटत नाही. पण पंप वा पंखा फिरवण्यास लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि १.२ चा घन सुमारे १.७३ होतो. म्हणजे मोटारीवर पाऊणपट जास्त भार पडतो. वातानुकूलन यंत्राचा काँप्रेसर किंवा कपडे धुण्याचे यंत्र तेवढ्यासाठी बांधलेले नसते. वीजपुरवठ्याच्या आंदोलनांवर चालणारे घड्याळ तासाला बारा मिनिटे पुढे जाते. पण घड्याळ पुढे गेल्याने कोणी मरत नाही, म्हणून ते शिकवण्यासाठी उत्तम उदाहरण आहे.

उलट दिशेचा प्रवास अधिक कठीण असतो, हे कोणी फारसे बोलत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातील चुंबकीय स्रोत हा दाब भागिले वारंवारता या गुणोत्तरावर ठरतो. ५० हर्ट्‌झसाठी केलेल्या गाभ्यात लोखंड थोडे जास्त घातलेले असते, त्यामुळे तो ६० वर सुखाने चालतो. ६० साठी काटकसरीने केलेला गाभा ५० हर्ट्‌झवर, दाब तोच ठेवून, लावला तर स्रोत वीस टक्क्यांनी वाढतो, लोखंड संपृक्त होते आणि ट्रान्सफॉर्मर तापू लागतो. तेव्हा युरोपातून अमेरिकेस जाणारा नाविक मोटारींसाठी चिंतित असावा, आणि अमेरिकेतून युरोपात किंवा आपल्याकडे येणारा ट्रान्सफॉर्मरांसाठी.

या साऱ्याच्या भोवती पाणी आहे, ही गोष्ट घरात नसते. नौकेवरील एखाद्या यंत्रातून प्रवाह गळू लागला, तर तो अर्थच्या तारेने किनाऱ्याकडे परत जावा अशी योजना असते. ती तार ॲडॅप्टरमध्ये सुटलेली असेल, गंजलेली असेल, किंवा कोणी सोयीसाठी तोडलेली असेल, तर तोच प्रवाह नौकेच्या धातूतून पाण्यात उतरतो आणि पाण्यातून आपली वाट शोधतो. खाऱ्या पाण्यात माणसाच्या शरीरापेक्षा पाणीच अधिक सुवाहक असल्यामुळे प्रवाह बहुतांशी त्याला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात उलट घडते. तेथे शरीर हाच सोपा मार्ग ठरतो. अमेरिकेत नद्या आणि सरोवरे यांवर असंख्य मरीना आहेत, आणि तेथे पोहणारी मुले, चांगली पोहणारी, कोणतीही खूण न ठेवता बुडाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. काही थोडे मिलीअँपिअर स्नायूंना जखडून टाकण्यास पुरतात. मृत्यूचे कारण बुडणे असे नोंदले जाते, कारण वीज आपली सही मागे ठेवीत नाही.

अमेरिकी विद्युत्‌संहितेने २०११ साली मरीनांच्या वीजपुरवठ्यासाठी १०० मिलीअँपिअरवर तुटणारे गळती-संरक्षण सांगितले, २०१७ साली ती मर्यादा ३० वर आणली, आणि २०२० साली नौकांना वीज देणाऱ्या सॉकेटांसाठी ३० व मुख्य वाहिन्यांसाठी १०० अशी विभागणी केली. याचा परिणाम परदेशी नौकांवर चटकन होतो. जी नौका अनेक वर्षे निरनिराळ्या धक्क्यांवर विनातक्रार वीज घेत आली, ती नव्या खांबाला जोडताच ब्रेकर तुटतो. पुन्हा लावला की पुन्हा तुटतो. नाविक मरीनाच्या नावाने बोटे मोडतो. माझ्या मते हा राग सर्वस्वी अन्याय्य आहे. खांब बिघडलेला नसतो. नौकेत आधीपासून असलेली गळती, किंवा न्यूट्रल व अर्थ यांची नौकेवरच झालेली अनुचित जोडणी, त्याने पहिल्यांदा बोलून दाखवलेली असते. अशा वेळी गळती-संरक्षण नसलेले जुने सॉकेट शोधत फिरणारे लोकही आहेत. त्यांना हौशी म्हणावे की बेजबाबदार, हे वाचकांनी ठरवावे.

मग करावे काय? दोन मार्ग सरळ आहेत. एक म्हणजे नौकेवर पृथक्कारी ट्रान्सफॉर्मर बसवणे. त्याच्या दोन वेटोळ्यांमध्ये धातूची जोडणी नसते, फक्त चुंबकीय संबंध असतो. त्यामुळे नौकेची वीज नौकेतच फिरते, तिला स्वतःची न्यूट्रल मिळते, आणि शेजारच्या नौकांशी अर्थच्या तारेने जोडले गेल्यामुळे जो धातूचा क्षय होतो तोही थांबतो. हे उपकरण जड आहे व महागही आहे. दुसरा मार्ग लहान नौकांसाठी मला अधिक पसंत आहे. आजचे चांगले बॅटरी-चार्जर सुमारे ९० पासून २६५ व्होल्टपर्यंत आणि ५० वा ६० हर्ट्‌झ, कोणतीही वीज घेतात. किनाऱ्यावरच्या विजेने फक्त बॅटरी भरावी, आणि नौकेवर लागणारी २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झची वीज त्या बॅटरीतून इन्व्हर्टरने करून घ्यावी. किनाऱ्याची वीज चार्जरच्या दारापर्यंतच येते. आत तिचा संचार नाही. यात वातानुकूलन यंत्र चालणार नाही, हे खरे. ज्याला फ्लोरिडात उन्हाळा काढायचा आहे त्याने ट्रान्सफॉर्मर घ्यावा, आणि वातानुकूलन यंत्र ६० हर्ट्‌झला चालणारे निवडावे. ‘इतकी वर्षे साध्या ॲडॅप्टरवर काही झाले नाही’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. एकाही मोटारीचे झाकण चालू विजेवर उघडण्याचा प्रसंग आला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विजेइतकाच गंभीर प्रश्न स्वयंपाकाच्या गॅसचा आहे, आणि तेथे अनुवादकाची गाठ प्रथम शब्दाशीच पडते. आपण गॅस म्हणतो तेव्हा सिलिंडर आठवतो. अमेरिकेत तोच शब्द पेट्रोलसाठी वापरतात. तेथील धक्क्यावर ‘गॅस’ मागणाऱ्याला पेट्रोलचा पंप दाखवतील, आणि डिझेलवर चालणाऱ्या नौकेच्या टाकीत ते गेले तर इंजिन बिघडतेच, शिवाय बंद जागेत स्फोटक वाफ साचते. सिलिंडरातील वायूला तेथे प्रोपेन म्हणावे. युरोपातील पुष्कळ लहान नौकांवर ब्यूटेन असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या किंचित खाली उकळते, प्रोपेन उणे ४२ अंशांवर. त्यामुळे २० अंश सेल्सियस तापमानाला प्रोपेनच्या सिलिंडरातील दाब सुमारे ८ बार, तर ब्यूटेनच्या सिलिंडरातील २ बारच्या आसपास असतो. ब्यूटेनसाठी केलेल्या सिलिंडरात प्रोपेन भरून घेणे म्हणजे चौपट दाब त्याच्या माथी मारणे होय. अमेरिकेतील परवानाधारक केंद्र परदेशी सिलिंडर भरून देत नाही. घरगुती आकाराच्या सिलिंडराला जास्त भरू न देणारी झडप असल्याशिवाय २००२ पासून तो तेथे भरतच नाहीत. हा नकार योग्य आहे. तेथील २० पौंडी, म्हणजे सुमारे ९ किलोचा, सिलिंडर व त्याचा रेग्युलेटर विकत घ्यावा हे उत्तम. रेग्युलेटरने शेगडीला पोचणारा दाब तेथे सुमारे २७ मिलीबार असतो. युरोपातील ब्यूटेनची शेगडी २८ ते ३० मिलीबारवर चालते, म्हणून ती जमून जाते. ३७ मिलीबारच्या प्रोपेनवर चालणारी शेगडी मात्र मंद जळेल. गळलेला वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे नौकेच्या तळाशी जाऊन बसतो आणि तेथून आपोआप निघत नाही, हे नाविकाला सांगावे लागू नये.

पाण्याची नळी ही त्या मानाने किरकोळ बाब. अमेरिकी बागेच्या नळीला पाऊण इंची मापावर इंचात साडेअकरा आटे असतात. ब्रिटिश पद्धतीच्या पाऊण इंची जोडणीला चौदा. व्यासांतला फरक अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणून दोन्ही एकमेकींत एक-दोन फेरे फिरतात, आणि मग अडतात व गळतात. दहा मिनिटांत मिळणारी योग्य जोडणी घ्यावी. शौचकूपाचा प्रश्न कायद्याचा आहे: किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडता येत नाही, बसवलेला शौचकूप असेल तर नियमांत बसणारे शुद्धीकरण यंत्र किंवा साठवणीची टाकी लागते, आणि काही पाण्यांत तर शुद्ध केलेलेही सोडण्यास मनाई आहे. १९९२ च्या एका कायद्याने टाकी उपसून घेण्याची केंद्रे उभारण्यास पैसा दिला, त्यामुळे सोय बरीच झाली आहे.

येथपर्यंत जे भेद सांगितले त्यांना काही ना काही उपकरण आहे. मरीनाच्या तोंडाशी असलेल्या बोयांना ते नाही. युरोपात, आफ्रिकेत, आपल्याकडे, बंदरात शिरताना तांबडा बोया डाव्या हाताला ठेवतात. उत्तर व दक्षिण अमेरिका, जपान, कोरिया आणि फिलिपाइन्स येथे तोच तांबडा बोया उजव्या हाताला येतो. दिवसा बोयाच्या आकारावरून थोडा आधार मिळतो, कारण डावीकडचा डबा व उजवीकडचा शंकू हे आकार दोन्ही पद्धतींत सारखे आहेत. रात्री फक्त रंगीत दिवा दिसतो. थकलेल्या माणसाचा हात डोक्याआधी चालतो. त्याने तीस वर्षे केलेले योग्य कृत्य येथे नौकेला खडकावर नेऊ शकते. खोलीचे मापही तसेच फसवे: बंदरातील माणूस ‘सहा’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फूट असतात, आणि सहा फूट म्हणजे दोन मीटरही नव्हेत. किनाऱ्यालगतच्या अंतर्गत जलमार्गावरील स्थिर पुलांखालची उंची साधारणतः ६५ फूट ठेवलेली आहे, परंतु मायामी येथील एक पूल ५६ फुटांचाच आहे; उंच डोलकाठीच्या नौकेला तेथून वळसा घालून समुद्रातून जावे लागते.

रेडिओचा भेद लहान आहे, परंतु संकटकाळी मोठा होतो. सोळावा चॅनेल सर्वत्र एकच. अमेरिकी तटरक्षक दल मात्र हाक घेतल्यावर २२-अ या चॅनेलवर बोलावते. तेथे दोन्ही बाजू १५७.१०० मेगाहर्ट्‌झवर बोलतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या २२ व्या चॅनेलवर जहाज त्याच वारंवारतेवर बोलते, पण ऐकते १६१.७०० वर. म्हणून यंत्र युरोपीय मांडणीवर ठेवलेल्या नाविकाचे बोलणे तटरक्षकाला ऐकू जाते, आणि उत्तर नाविकाला येत नाही. यंत्रावर बहुधा अमेरिकी मांडणीचे एक बटण असते. ते समुद्रात असतानाच दाबून पाहावे.

हे सारे ऐकल्यावर, जगाने एकच प्रमाण का स्वीकारू नये, असा प्रश्न सहज विचारला जातो. आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोग १९०६ पासून काम करीत आहे. त्याने १९८६ साली घरगुती प्लगचा एक जागतिक नमुनाही प्रसिद्ध केला. ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांनी तो थोड्याफार फरकाने उचलला, बाकीचे जग होते तेथेच राहिले. मला याची फारशी खंत वाटत नाही. कोट्यवधी मोटारी, तारा व ट्रान्सफॉर्मर फेकून देऊन मिळवलेली एकरूपता ही चैन आहे. बोयांच्या बाबतीत १९७६ च्या सुमारास जगात तीसहून अधिक पद्धती होत्या. १९८० च्या परिषदेत सर्वांनी मिळून त्या दोनवर आणल्या आणि कोणती कोठे चालते हे आखून दिले. एक पद्धत करण्याचा हट्ट धरला असता तर बहुधा तीसच राहिल्या असत्या. मर्यादित भेद, आणि त्यांची स्पष्ट सीमा, हे ध्येय मला अधिक व्यवहार्य वाटते. वाईट आहे तो भेद झाकणारा भेद: दोन फेरे फिरणारी नळी, आणि दोन जातींच्या विजेला एकाच आकारात आणणारा ॲडॅप्टर. न बसणारा प्लग हा निदान प्रामाणिक असतो.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. नौकांसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ॲडॅप्टरवर तीन गोष्टी ठळक छापाव्यात: यातून वारंवारता बदलत नाही; यातून येणाऱ्या दोन्ही तारा सजीव आहेत की एकच; आणि आतला ब्रेकर किती अँपिअरचा आहे. तिसरा रकाना कोरा ठेवावा लागत असेल तर ती वस्तू विकूच नये. आपल्या शाळांतील पुस्तकांतही, जेथे ५० हर्ट्‌झ ही संख्या येते, तेथे ती आपल्या देशाची निवड आहे हे एका वाक्यात सांगावे. नाहीतर विद्यार्थी ती प्रकाशाच्या वेगाप्रमाणे निसर्गाचा स्थिरांक समजतो. आणि कोचीला बोलगट्टी बेटावर मरीना आहे, तेथे एखादी अमेरिकी नौका आली तर सारी गणिते उलटी करावी लागतील. तिची १२० व्होल्टची किटली आपल्या २३० व्होल्टला जोडली गेली, तर ती साडेतीनपटीहून अधिक शक्ती ओढील. तिचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्‌झवर तापेल. आणि खाडीच्या तोंडाशी तांबडा दिवा दिसताच तिचा सुकाणूधर नौका नको त्या बाजूला वळवील. त्या पाहुण्याला हे धक्क्यावर पोचण्याआधी कोणी सांगावयाचे, याचा विचार बंदराच्या अधिकाऱ्यांनी खांब रोवतानाच केलेला बरा.